कितींपैकी किती?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने देशभरातल्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना तातडीची पत्रं धाडली. तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असं त्यांत म्हटलं होतं. वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने तेच घरोघर पोहोचवलं: धोका दुप्पट, म्हणजे शंभर टक्क्यांनी जास्त. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या थांबवल्या. नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्तीचे झाले.

ज्या अभ्यासांवर हा इशारा बेतला होता, त्यांतला आकडा असा होता. आधीच्या, दुसऱ्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमध्ये साधारण एकीला गुठळी होत होती. तिसऱ्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमध्ये दोघींना. एकीच्या दोघी झाल्या, तेव्हा दुप्पट हे खरंच. पण उरलेल्या ६,९९८ जणींना गुठळी होणार नव्हती, हेही तितकंच खरं होतं आणि ते कुणी सांगितलं नाही. गर्भारपणात गुठळीचा धोका या गोळीपेक्षाही जास्त असतो, ही गोष्टही त्या गदारोळात बाजूलाच राहिली. ज्या धोक्याला भिऊन गोळी सोडली, त्याहून मोठा धोका अनेकींनी नकळत पत्करला.

समितीने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. बायकांनाही दुप्पट म्हणजे काय हे नीट कळत होतं. ‘कशाच्या दुप्पट?’ एवढंच विचारायचं राहून गेलं. आरोग्याच्या बाबतीत आकड्यांची जी समज लागते, ती बरीचशी या एका प्रश्नात आहे, आणि शाळेत गणितात पहिला येणारा माणूसही इथे अडखळू शकतो. शेकडा दीड रुपयाने महिन्याचं व्याज तोंडी काढणारा दुकानदार ‘या ऑपरेशनमध्ये तीन टक्के धोका आहे’ असं ऐकलं की गोंधळतो. व्याजाचे तीन टक्के ठरलेले असतात, मुदत भरली की हातात पडतात. धोक्याचे तीन टक्के एका माणसाच्या वाट्याला एकतर पूर्ण येतात किंवा मुळीच येत नाहीत, आणि काय होणार ते आधी कळायला मार्ग नसतो. या टक्क्यांचा हिशोब व्याजासारखा लागत नाही.

लिसा श्वार्ट्झ आणि स्टीव्हन वोलोशिन या अमेरिकी डॉक्टरांनी १९९७ मध्ये ही समज तपासण्यासाठी स्त्रियांच्या एका गटाला तीन प्रश्न विचारले. नाणं हजार वेळा उडवलं तर साधारण किती वेळा छापा पडेल? एका लॉटरीत बक्षीस लागण्याची शक्यता १ टक्का आहे. हजार जणांनी एकेक तिकीट घेतलं तर किती जणांना बक्षीस लागेल? दुसऱ्या लॉटरीत हजारात एकाला बक्षीस लागतं. हे किती टक्के झाले? उत्तरं अनुक्रमे ५००, १० आणि ०.१. त्या स्त्रियांपैकी बहुतेक सगळ्यांचं शालेय शिक्षण पूर्ण झालेलं होतं, तरी तिन्ही उत्तरं बरोबर देणाऱ्या शेकडा १६ निघाल्या. शेकडा ३० जणींना एकही जमलं नाही. याच स्त्रियांना मॅमोग्राफीमुळे स्तनाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका किती कमी होतो, याची माहिती दिली होती. जिला जितके प्रश्न जमले, तितकी ती माहिती तिला नीट वापरता आली.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड का गेला असेल? एकपेक्षा लहान टक्का आपण रोजच्या व्यवहारात कधी वापरतच नाही. आणि औषधांचे गंभीर दुष्परिणाम नेमके तिथेच, शून्य आणि एक टक्क्याच्या मधल्या फटीत असतात.

आणखी एक खोड आपल्या सगळ्यांना आहे. जपानी संशोधक किमिहिको यामागिशी यांनी विद्यार्थ्यांना आजारांचे धोके दोन तऱ्हांनी सांगून बघितले. कर्करोगाने १०,००० माणसांपैकी १,२८६ मरतात असं सांगितलं, तर तो धोका लोकांना १०० पैकी २४.१४ मरतात यापेक्षा मोठा वाटला. प्रत्यक्षात पहिला आकडा शेकडा तेराही भरत नाही, दुसरा त्याच्या जवळजवळ दुप्पट. बाराशे शहाऐंशी माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात आणि त्यांच्यामागची दहा हजारांची गर्दी दिसत नाही. औषधाच्या जाहिरातीत, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या इशाऱ्यात आणि कधीकधी बातमीतही वरचा आकडा ठळक असतो. खालचा शोधावा लागतो.

हीच गोष्ट फायद्याच्या बाजूनेही घडते. स्कॉटलंडमध्ये कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या, पण तोवर हृदयविकाराचा झटका न आलेल्या ६,५९५ पुरुषांवर प्राव्हास्टॅटिन या औषधाचा मोठा अभ्यास झाला. १९९५ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: झटक्याचा किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभर जणांनी गोळी घेतली तर एकतीस जण वाचतात. तपशील असा की जवळपास पाच वर्षांत गोळी न घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ८ जणांना हा त्रास झाला आणि घेणाऱ्या शंभरांपैकी ५ ते ६ जणांना. शंभरात दोन-अडीच माणसांचा फरक. तो क्षुल्लक आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. लाखो लोक गोळी घेतात तेव्हा त्यातून हजारो झटके टळतात, आणि ज्याला आधीच झटका येऊन गेलाय त्याच्यासाठी फायदा याहून मोठा असतो. पण जो माणूस पुढची वीस वर्षं रोज रात्री ती गोळी घेणार आहे, त्याला ‘३१ टक्के’ इतकंच सांगून पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. आठ आणि साडेपाच हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवले, तर त्याला स्वतःचा निर्णय घेता येतो.

यासाठी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न साधा आहे: ‘डॉक्टर, माझ्यासारख्या शंभर जणांनी हे औषध घेतलं नाही, तर पाच वर्षांत कितींना त्रास होतो? आणि घेतलं तर?’ गर्दीच्या ओपीडीत हे विचारायला संकोच वाटतो. डॉक्टरांना आवडणार नाही असंही वाटतं. तरी विचारावं. उत्तर नेमकं नसलं, ‘दहाबारा जणांना होतो, औषधाने सातआठांवर येतो’ इतकं ढोबळ असलं, तरी ते टक्क्यापेक्षा कामाचं असतं.

शब्दांची बाजू बदलली की आकडाही बदलल्यासारखा वाटतो. १९८२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दलचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा पर्याय होता. काहींना शस्त्रक्रियेतून शंभरांपैकी नव्वद जण सुखरूप बाहेर येतात असं सांगितलं, काहींना शंभरांपैकी दहा जण दगावतात असं. गणित तेच. तरी दगावण्याची भाषा ऐकलेल्यांमध्ये किरणोपचार निवडणारे कितीतरी जास्त निघाले, आणि या फरकाला डॉक्टरही बळी पडले. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही करताना घरातल्या एकाने तरी आकडा उलटा करून मोठ्याने म्हणून बघावा: नव्वद वाचतात, म्हणजे दहा जातात. दोन्ही वाक्यं ऐकून जो निर्णय टिकतो, तो आपला.

आता जरा अवघड भागाकडे वळू. तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजार आहेच का?

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतले मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी आयुष्य या विषयाला दिलं. २००७ च्या सुमारास त्यांनी १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना एक उदाहरण घातलं. काही त्रास नसताना तपासणीला आलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण १ टक्का आहे. कर्करोग असेल तर मॅमोग्राफी ९० टक्के वेळा तो पकडते. कर्करोग नसतानाही ९ टक्के वेळा ती चुकून पॉझिटिव्ह येते. एका बाईची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर तिला कर्करोग असण्याची शक्यता किती? बहुसंख्य डॉक्टरांनी ८१ किंवा ९० टक्के हा पर्याय निवडला. बरोबर उत्तराला पोहोचले शेकडा २१.

टक्के बाजूला ठेवून हेच माणसांत मोजू. समोर हजार बायका आहेत असं धरा. त्यांच्यापैकी एक टक्का, म्हणजे १० जणींना कर्करोग आहे. या दहांपैकी ९ जणींची तपासणी पॉझिटिव्ह येईल, एकीचा आजार निसटेल. उरल्या ९९० निरोगी बायका. त्यांच्यातल्या नऊ टक्के, म्हणजे सुमारे ८९ जणींची तपासणीही पॉझिटिव्ह येईल, आजार नसताना. आता ज्यांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट आहे, अशा सगळ्या बायकांना एका बाजूला बसवा. ९ आणि ८९ मिळून ९८ झाल्या. या अठ्ठ्याण्णव जणींपैकी खरा कर्करोग असलेल्या किती? ९. जवळपास दहात एक.

गिगेरेन्झर यांनी याच पद्धतीने मोजायला शिकवल्यावर त्याच डॉक्टरांपैकी शेकडा ८७ जणांनी बरोबर उत्तर दिलं. डॉक्टर तेच, बुद्धी तीच. आकडा माणसांच्या रूपात आला इतकाच फरक. सगळा घोळ होतो तो निरोगी माणसांची संख्या प्रचंड असल्यामुळे. तपासणी त्यांच्याबाबतीत क्वचितच चुकते, पण प्रचंड संख्येचा लहानसा टक्कासुद्धा लहान संख्येच्या मोठ्या टक्क्याहून जास्त भरतो.

म्हणून तीच तपासणी वेगळ्या बाईच्या बाबतीत वेगळं बोलते. समजा, हाताला गाठ लागली म्हणून आलेल्या हजार बायका आहेत आणि त्यांच्यापैकी २०० जणींना कर्करोग आहे. तपासणीची अचूकता आधीइतकीच धरली, तर दोनशेपैकी १८० पॉझिटिव्ह येतील आणि निरोगी आठशेपैकी ७२. एकूण २५२ पॉझिटिव्हमध्ये १८० खऱ्या, म्हणजे शेकडा ७१. तेव्हा ‘रिपोर्ट काय आला?’ याइतकाच ‘तपासणी कशासाठी केली होती?’ हा प्रश्न मोलाचा आहे. लक्षण असताना केलेल्या तपासणीचा पॉझिटिव्ह निकाल गांभीर्याने घ्यायचा आणि पुढच्या तपासणीला उशीर करायचा नाही. लक्षण नसताना आलेल्या पॉझिटिव्ह निकालानंतरही पुढची तपासणी करायचीच. फक्त तोवरच्या आठ-दहा रात्री घरातल्यांनी मृत्यूच्या भीतीखाली काढायची गरज नसते. हा फरक ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराचा केवढा तरी छळ वाचतो.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजेस आली आहेत, सत्तर-ऐंशी तपासण्यांची. रिपोर्ट मोबाईलवर येतो, आणि त्यातले ठळक अक्षरांतले किंवा लाल रंगातले आकडे बघून घरात काळजी सुरू होते. रक्तातल्या बऱ्याच घटकांची ‘नॉर्मल’ मर्यादा कशी ठरते, हे त्या वेळी माहीत असायला हवं. निरोगी माणसांचा मोठा गट घेतात, प्रत्येकाचं रक्त तपासतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथून जिथवर येतात ती मर्यादा धरतात. म्हणजे वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के निरोगी लोक व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडले. एका तपासणीत निरोगी माणूस बाहेर पडण्याची शक्यता शेकडा ५. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर किमान एका ठिकाणी खूण पडण्याची शक्यता शेकडा ६४. प्रत्यक्षात हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) यांसारखे काही आकडे एकमेकांबरोबरच वरखाली होतात, त्यामुळे प्रमाण थोडं कमी भरतं. तरी ऐंशी तपासण्यांत एकही खूण नसलेला रिपोर्ट निरोगी माणसाच्याही नशिबात क्वचितच असतो. साखर आणि कोलेस्टेरॉल मात्र या हिशोबात धरू नयेत. त्यांच्या मर्यादा कुठून पुढे आजाराचा धोका वाढतो हे बघून ठरवलेल्या आहेत. साखरेच्या तपासणीतला एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर तो ‘जरासा बाहेर’ म्हणून सोडून द्यायचा आकडा नव्हे.

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा घरोघर बोलला जातो. एका लॅबचा रिपोर्ट १.४२ लाख म्हणतो, दुसरीचा १४२ आणि पुढे ‘गुणिले हजार’, तिसरीचा १,४२,०००. तिन्ही एकच. नॉर्मल दीड लाखापासून सुरू होतो म्हणून एक लाख दहा हजारांवर आलेल्या रुग्णाचे नातेवाईक प्लेटलेटची पिशवी शोधायला बाहेर पडतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव होत नसेल, तर प्लेटलेट देण्याचा विचार १०,००० च्या खाली आल्यावर करायचा असतो. रुग्णाची लघवी, रक्तदाब, पोटातलं दुखणं आणि हिमॅटोक्रिटचा वाढता आकडा यांकडे तेव्हा जास्त लक्ष हवं असतं, कारण डेंग्यूत जीव बहुधा रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपल्याने धोक्यात येतो.

कोविडच्या लशीबद्दलही असाच एक गैरसमज पसरला होता. डिसेंबर २०२० मध्ये फायझरच्या लशीची परिणामकारकता ९५ टक्के असल्याचं प्रसिद्ध झालं आणि पुष्कळांनी त्याचा अर्थ लावला, की लस घेतलेल्या शंभरांपैकी पाच जणांना कोविड होणारच. चाचणीत दोन्ही बाजूंना अठरा हजारांहून जास्त माणसं होती. लस न मिळालेल्यांपैकी १६२ जण आजारी पडले, लस मिळालेल्यांपैकी ८. एकशे बासष्टच्या जागी आठ, म्हणून ९५ टक्के. अठरा हजारांत आठ म्हणजे त्या काही महिन्यांत दोन हजारांत एकाहूनही कमी.

इथवरचे आकडे ऐकून समजून घ्यायचे होते. घरातले आकडे हाताने मोजायचे असतात, आणि तिथे चूक झाली तर तिचा परिणाम तासाभरात दिसतो.

तापावरचं पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी आपल्याकडे निदान तीन ताकदींत मिळतं. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्यांसाठी थेंबांची बाटली, जिच्यात एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला समजा डॉक्टरांनी १२० मिलिग्रॅमचा डोस सांगितला. पहिल्या बाटलीतून तो ५ मिलिलिटर भरतो, दुसरीतून अडीचला किंचित कमी, तिसरीतून १.२. पहिली बाटली संपली म्हणून घरातली थेंबांची बाटली काढली आणि सवयीने ५ मिलिलिटर पाजलं, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं, चौपटीहून जास्त. वारंवार असं झालं तर यकृतावर ताण येतो. आईने डॉक्टरांना फोनवर ‘पाच एमएल दिलं’ असं सांगितलं, तर तेही म्हणतील, बरोबर आहे. डोस सांगताना आणि विचारताना मिलिग्रॅम बोलावेत, आणि बाटली हातात धरून तिच्यावरची ताकद वाचावी. अमेरिकेत या घोटाळ्यापायी २०११ मध्ये उत्पादकांनी थेंबांची वेगळी ताकद बंद करून मुलांसाठी एकच ताकद ठेवायचं ठरवलं. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. लाखो आयांना गुणाकार शिकवण्यापेक्षा बाटली बदलणं सोपं होतं.

मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी, हे ओघाने आलंच. पोह्यांचा चमचा आणि चहाचा चमचा यांत कुणाच्या घरी किती मावतं, याचा काही नेम नाही.

इन्सुलिनचं प्रकरण याहून नाजूक आहे. भारतात कुपीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा दर मिलिलिटरला ४० युनिट ताकदीचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटचं. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या: चाळीसची लाल टोपीची, शंभरची नारिंगी टोपीची. डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत. चाळीसच्या कुपीतून लाल सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत औषध भरलं, की ते अर्धा मिलिलिटर होतं आणि त्यात बरोबर वीस युनिट येतात. औषधाच्या दुकानातून चुकून नारिंगी सिरिंज आली, तर तिच्यावरची वीसची रेघ ०.२ मिलिलिटरवर असते. चाळीसच्या कुपीतून तेवढं भरलं तर अंगात जातात ८ युनिट. साखर वाढत राहते आणि कुणालाच कळत नाही का ते. उलट चूक जिवावरची. पेन बिघडलं म्हणून शंभरच्या ताकदीचं औषध लाल सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत काढलं, तर ५० युनिट गेले. रुग्ण घामाघूम होतो, बोलणं अडखळतं, शुद्ध हरपू शकते. दोन्ही वेळा घरच्यांनी वीसच्या रेघेवरच भरलं होतं. त्यांनी वाचलेला आकडा बरोबर होता. तो आकडा कुठल्या मापाचा, हे टोपीच्या रंगात होतं. इन्सुलिन नव्याने सुरू होतं तेव्हा सिस्टरांनी ‘समजलं ना?’ असं विचारून न थांबता ‘आता तुम्ही भरून दाखवा’ म्हणावं. तेवढ्या दोन मिनिटांत ही चूक पकडली जाते.

दिवस आणि आठवडा यांचा घोळही असाच. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलं की सकाळी एक, रात्री एक, हे आता खेड्यापाड्यांतही कळतं. पण संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्राही बहुधा आठवड्याची असते. अशा गोळीच्या पाकिटावर वार लिहून ठेवावा, ‘दर रविवारी’ असा.

जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस देतात. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, पूर्ण, आणि चोवीस तासांत संपवायचं. मूल इतकं पाणी पिणार नाही म्हणून ते पाकीट पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात घातलं, तर मीठ आणि साखर पाचपट दाट होतात आणि मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. पेल्यासाठीचं लहान पाकीट वेगळं मिळतं, दिसायलाही तसंच. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२३’ या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचायला देऊन चार प्रश्न विचारले होते. ज्यांना निदान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांच्यातल्या सुमारे दोनतृतीयांश मुलांनी किमान तीन उत्तरं बरोबर दिली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं मात्र सगळ्या मुलांपैकी शेकडा ४३ जणांनाच जमलं. हीच मुलं घरातल्या आजीला औषध वाचून देतात, धाकट्या भावंडांना ओआरएस कालवून देतात.

मराठीत आकडे ऐकण्यातही एक खाच आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द फोनवरून, गोंगाटात, घाईत सांगितले की दहाने चुकतात, आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवंडांना ते बहुतेकदा उमगतच नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि गणिताच्या अभ्यासक मंगला नारळीकरांनी त्या रीतीची बाजू मांडली. वर्गात काय शिकवावं यावर मतभेद असू शकतात. फोनवर साखरेचा आकडा सांगताना मात्र ‘एकशे एकोणसत्तर, एक-सहा-नऊ’ असं दोन्ही तऱ्हांनी सांगावं.

आकड्यांची समज वाढवायला शाळा हवीच. पण आज आजारी पडलेलं मूल तोवर थांबू शकत नाही, आणि मोजण्याचं कामच सोपं करता येतं, याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावपातळीवर मुलांचा न्यूमोनिया ओळखून उपचार करण्याचं काम उभं केलं. न्यूमोनिया घरात ओळखायची खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांहून लहान बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर ते धोक्यात आहे; दोन महिने ते एक वर्ष या वयात ही मर्यादा ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. हे मोजायला साठपर्यंत अंक यायला हवेत, आणि मिनिट दाखवणारं घड्याळही हवं. गावातल्या सुईणींना अनेकदा दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं.

बंग दांपत्याने त्यांच्यासाठी श्वासमापक तयार केलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. वाळू पडून संपायच्या आत मर्यादेचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. साठ ही संख्या त्या बाईला म्हणावी लागत नाही, लिहावीही लागत नाही. या प्रयोगक्षेत्रात न्यूमोनियाने होणारे आणि एकूणही बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले.

अंगणवाडीत मिळणाऱ्या माता बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख असतो, तोही याच जातीचा. बाळाचा ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे, पिवळ्यात उतरला की नारिंगीत गेला, हे आईला दिसतं. त्या पट्ट्यांमागचं संख्याशास्त्र तिला माहीत असण्याची गरज उरत नाही. गेल्या महिन्याचा ठिपका आणि या महिन्याचा ठिपका यांना जोडणारी रेघ वर चढते आहे की सपाट झाली आहे, हे मात्र सेविकेने तिला दाखवून द्यायला हवं, कारण हिरव्यात असूनही सपाट झालेली रेघ काळजीची असते.

गडचिरोलीतल्या कामाचा आधार घेऊन देशभर नवजात बाळांच्या घरभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा कार्यकर्ती पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट जास्तीची. तिच्याजवळ घड्याळ, थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. बाळ शांत असताना ती पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एक मिनिट मोजते, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच कमीजास्त होत असतो. दुसऱ्यांदाही साठ भरले, तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायला सांगते.